चोवीस तासांत स्केल मॉडेल कार: बॉडी ओली राहते, काच धुरकटते, चॅसिस बसत नाही (समस्या निवारण)

चोवीस तासांची मुदत लावून केलेल्या बिल्डमध्ये (मॉडेल बांधणीत) गाडी शेवटच्या तीन-चार तासांत अडते, आणि अडण्याची जागा जवळपास ठरलेली असते. चॅसिस तयार, सीट तयार, चाकं तयार. बॉडी हातात घेतली की मात्र रंगावर बोटाचा ठसा उमटतो. तसंच दामटून पुढे गेलं तर मास्किंग टेपचे व्रण पडतात, घाईत सुपरग्लू वापरला म्हणून काच धुरकटते, आणि बॉडी चॅसिसवर दाबताना दाराखालच्या पट्टीचा रंग निघतो. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी बहुतेकांचं मूळ एकच असतं: बॉडीचं काम उशिरा सुरू झालेलं असतं. भाग चिकटवण्यात वेळ जातो असं वाटतं, पण खरा वेळ वाळण्यात जातो, आणि वाळण्याला घाई करता येत नाही.

खालचं सगळं १/२४ किंवा १/२५ मापाच्या, पॉलिस्टायरीनच्या, शंभराच्या आसपास भाग असलेल्या किटला धरून आहे. मुदत सलग चोवीस तासांची आहे की फक्त प्रत्यक्ष कामाचे तास मोजायचे आहेत, हे स्पर्धेच्या नियमात आधी पाहून घ्या. कामाचेच तास मोजत असतील तर वाळण्याचा वेळ फुकट मिळतो आणि निम्म्या अडचणी उरतच नाहीत. इथे सलग चोवीस तास धरले आहेत.

आधी रंगाची निवड, मग बाकी सगळं

रंग कशाने वाळतो यावर वेळापत्रक ठरतं. लॅकरमधला सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) उडून गेला की थर घट्ट होतो, आणखी काही व्हावं लागत नाही. एनॅमलमध्ये सॉल्व्हंट उडाल्यावर हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन थर कडक होतो, त्याला कित्येक दिवस लागू शकतात. पाणी किंवा अल्कोहोलवर आधारित अॅक्रिलिक हाताला लवकर कोरडं लागतं, पण आतून बराच काळ मऊ असतं आणि पॉलिश करायला गेलं की ओरखडतं. दोन भाग मिसळायचं टू-के क्लिअर (रंगावर मारायचा पारदर्शक थर) लवकर कडक होतं, पण त्यात आयसोसायनेट असतं. योग्य मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

म्हणून बॉडीसाठी लॅकर: टामिया कंपनीचे टीएस स्प्रे कॅन, एअरब्रश असेल तर टामिया एलपी किंवा मिस्टर कलर. टामियाचे पीएस स्प्रे पॉलिकार्बोनेटसाठी असतात, ते चुकून पॉलिस्टायरीनवर मारू नका. एनॅमल फक्त पॅनल लाईनसाठी, म्हणजे दारं-बॉनेटच्या रेषा ठळक करण्यासाठी ठेवा. टामियाच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेतली अॅक्रिलिक आतल्या भागांसाठी आणि काळ्या पट्ट्यांसाठी वापरा.

छटा निवडतानाच पाच-सहा तास वाचवता येतात, आणि नेमकं तिथेच लोक मन मोठं करतात. धातूचा किंवा मोतिया रंग झाकतो भरभर, पण त्यावर क्लिअर मारावंच लागतं, कारण तो रंग थेट पॉलिश केला तर त्यातली चमकी घासली जाऊन डाग पडतात. पिवळा, लाल आणि पांढरा झाकायला जास्त थर घेतात आणि खाली प्रायमरचीही छटा जुळावी लागते: पांढऱ्यासाठी पांढरा, लाल-पिवळ्यासाठी पांढरा किंवा गुलाबी. घड्याळाशी स्पर्धा असेल तर साधा, चमकदार, मध्यम ते गडद रंग घ्या. गडद हिरवा चालेल, निळा चालेल. असा रंग स्वतःच चकाकतो. बॉडीवर डिकल (पाण्यात भिजवून लावायची पातळ चित्रं) नसतील तर क्लिअर वगळा. रस्त्यावरच्या गाडीचं किट निवडा, रेसिंगचं नको. काळा रंग मात्र टाळा, धुळीचा प्रत्येक कण त्यावर उठून दिसतो.

प्लास्टिक लाल असेल तर आणखी एक भानगड. लाल प्लास्टिकमधला रंग वरच्या लॅकरमध्ये उतरतो आणि पांढरी गाडी गुलाबी होते. थर वाढवून ते थांबत नाही, उलट प्रत्येक ओल्या थरागणिक आणखी रंग वर येतो. प्रायमरवर चांदीसारख्या चंदेरी लॅकरचा एक पूर्ण झाकणारा थर देऊन मग पांढरा मारा. त्याहून सोपं म्हणजे लाल प्लास्टिकची गाडी लालच करा.

घड्याळ कसं लावायचं

पहिला पाऊण तास फक्त बॉडीचा. स्प्रूवरून (भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) बॉडी, बंपर, आरसे, स्पॉयलर असे अंगरंगाचे भाग कापून घ्या. साच्याच्या जोडरेषा ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घालवा. त्या बहुधा पुढच्या फेंडरवर, काचेच्या खांबांवर आणि मागच्या कोपऱ्यांवर असतात. कोरड्या प्लास्टिकवर दिसल्या नाहीत तरी चमकदार रंगाखाली हमखास दिसतात. दारं, बॉनेट आणि डिकीच्या रेषा स्क्रायबरने दोन-तीनदा हलक्या हाताने खोल करा, नाहीतर प्रायमर आणि रंगाचे पाच-सहा थर बसल्यावर त्या बुजतात. मग भांडी घासायच्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंग डबक्यासारखा गोळा होऊन मागे सरतो.

साधारण पहिल्या तासाला प्रायमरचे दोन पातळ थर, मध्ये दहा मिनिटं. अर्ध्या तासाने १५००चा ओला पॉलिश पेपर हलकेच फिरवून धुळीचे खडे काढा. दुसऱ्या तासाला रंग. पहिला थर नुसता शिंतडल्यासारखा, प्लास्टिक दिसत राहील एवढा. दुसरा मध्यम. तिसरा ओलसर, चकाकेल असा. मध्ये दहा ते पंधरा मिनिटं. सुरुवातीपासून सव्वातीन तासांच्या सुमारास बॉडी वाळवणीत गेली पाहिजे.

क्लिअर वगळलं असेल तर पुढचे तेरा-चौदा तास बॉडीला हात लावायचं कारणच नाही. क्लिअर मारायचं असेल तर सहाव्या तासाला डिकल, ते सुकायला तीन तास, नवव्या ते साडेदहाव्या तासात क्लिअर, आणि तिथून सतराव्या तासापर्यंत पुन्हा वाळवणी. झोपायचं असेल तर याच खिडकीत झोपा. झोपण्याच्या खोलीत मात्र ओलं लॅकर ठेवू नका.

या मोकळ्या वेळेत इंजिन, चॅसिस, सस्पेन्शन, आतलं टब (सीट बसतात तो तळाचा भाग), सीट, डॅशबोर्ड, चाकं. सगळे काळे भाग एकदम, सगळे चंदेरी भाग एकदम रंगवा. भाग क्रमांकाप्रमाणे एकेक पायरी करत गेलात तर एअरब्रश धुण्यातच तास जातो. सूचनापत्रकावर आधीच रंगानुसार खुणा करून ठेवल्या की हे जमतं.

सतराव्या तासाला पॉलिश, साडेअठराच्या पुढे खिडक्यांच्या काळ्या पट्ट्या, विसाव्या तासाला काचा आणि दिवे, एकविसाव्या तासाला बॉडी आणि चॅसिसची जोडणी. उरलेले दोन-अडीच तास राखीव. ते आधीच दुसऱ्या कामाला वाटून टाकू नका, ते हमखास लागतात.

बोटाचा ठसा, टेपचे व्रण

कारण एकच: थर वरून कोरडा, आतून ओला. जाड थर मारला की वर कवच धरतं आणि आतला सॉल्व्हंट कोंडला जातो. जाडी दुप्पट झाली की वाळायचा वेळ दुपटीहून बराच जास्त वाढतो. त्यामुळे 'एकाच जाड थरात उरकू' हा हिशेब नेहमी उलटा पडतो. शिवाय लॅकरचा थोडा सॉल्व्हंट खालच्या प्लास्टिकमध्येही मुरलेला असतो, तोही बाहेर यावा लागतो.

वाळवणीसाठी फळं-भाज्या सुकवायचा डिहायड्रेटर सगळ्यात चांगला. तापमान ४० ते ४५ अंश सेल्सिअस. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या जवळपास मऊ पडतं हे खरं, पण बॉडीचे बारीक खांब त्याच्या बरंच आधी वाकू लागतात. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, बॉडीच्या उंचीला थर्मामीटर ठेवून पाहा. शेवटचा थर मारल्यावर पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर ठेवून मगच आत ठेवा, नाहीतर सॉल्व्हंट उकळल्यासारखा वर येऊन बारीक फोड येतात. स्वयंपाकाचा ओव्हन नको: तापमान वरखाली होतं आणि सॉल्व्हंटची वाफ पेट घेते. हेअर ड्रायरही नको, तो एका जागी तापवतो आणि खोलीतली धूळ आणून बसवतो.

बॉडी वाळली की नाही हे बॉडीवर तपासू नका. पहिल्या थरापासून एक पांढरा प्लास्टिकचा चमचा सोबत रंगवा, तेवढेच थर, तेवढ्याच अंतराने, आणि वाळवणीतही शेजारी ठेवा. चमच्यावर नख दाबा. खूण राहिली तर थांबा. नाकाजवळ धरा. सॉल्व्हंटचा वास येतोय तोवर मास्किंग टेप लावायची नाही. नाकाला फसवणं अवघड, ही चाचणी नखाच्या चाचणीपेक्षाही खात्रीची.

ठसा उमटलाच असेल तर लगेच घासू नका. मऊ रंगावर पॉलिश पेपर फिरवला तर रंग गोळा होऊन निघतो. दोन तास ४५ अंशांवर ठेवा, मग त्या जागी २००० आणि ३००० ओला, शेवटी पॉलिशिंग कंपाऊंड. उथळ ठसा निघतो. खोल गेला असेल तर त्या पूर्ण पॅनलवर, म्हणजे दाराच्या किंवा बॉनेटच्या रेषेपर्यंत, एक ओला थर मारून सपाट करून घ्यावा लागेल.

टेपच्या व्रणांसाठी: टेप लावण्याआधी दोनदा काचेवर चिकटवून काढा, म्हणजे तिचा जोर कमी होतो. काळी पट्टी मारल्यावर टेप तासन्‌तास ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटांत, स्वतःवर दुमडून मागे ओढत काढा. पट्ट्यांसाठी अर्धचमक काळा, टामियाचा एक्स-१८ किंवा एलपी-५, अगदी पातळ थरात. एलपी-५ लॅकर आहे, ओला मारला तर टेपच्या फटीतून झिरपतो आणि खालचा रंग खातो. हात स्थिर असेल आणि वेळ कमी असेल तर एक्स-१८ बरा, कारण झिरपलेला भाग अल्कोहोलमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या टूथपिकने पुसता येतो. पूर्ण वाळलेल्या लॅकरवर तेवढं पुसणं चालतं, तिथेच रगडत बसलात तर चमक जाते.

ऑरेंज पील, म्हणजे खडबडीत चमक

थेंब सपाट व्हायच्या आधीच वाळले की असं होतं. कॅन थंड असणं, अंतर जास्त असणं किंवा रंग घट्ट असणं, यांपैकी काहीतरी असतं. कॅन ४० अंशांच्या कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात किंवा शेगडीवर कधीच नाही, कॅन फुटतो. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. एअरब्रश असेल तर एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर, क्लिअरला दीड ते दोन भाग, आणि थिनर म्हणून रिटार्डर (वाळणं मंदावणारा द्रव) असलेला लेव्हलिंग थिनर. रंगाला ०.३ मिलिमीटर नोझल आणि १ ते १.२ बार पुरतं. क्लिअरला ०.५ असेल तर छान.

दमट हवेत चमक जाऊन पांढुरकेपणा येतो तो वेगळा. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतलं पाणी धरतं. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की हे घडायला लागतं. नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा दिला की थर पुन्हा उघडतो, पाणी निघून जातं आणि चमक परत येते. यासाठी एअरब्रश लागतो. नसेल तर बॉडी वाळवणीत ठेवून हवा कोरडी होईपर्यंत थांबा आणि वरून एक हलका थर द्या.

ऑरेंज पील किती घालवायचं हाही वेळेचाच प्रश्न आहे. छत, बॉनेट आणि डिकी एवढंच २०००, ३००० आणि कंपाऊंडने नीट करा. प्रकाश तिथेच पडतो. बाजूंना नुसतं कंपाऊंड. कडा आणि उंचवट्यांच्या रेषांवर पेपर नेऊ नका, तिथे थर सगळ्यात पातळ असतो आणि क्षणात प्रायमर दिसतो. तरीही कोपरा उघडा पडलाच तर कॅनमधला थोडा रंग झाकणात फवारून काढा, त्याचा वायू निघून जाऊ द्या आणि बारीक ब्रशच्या टोकाने एकच ठिपका लावा. दुसरा फटका मारायचा मोह आवरा.

सुरकुत्या आणि तडे

एनॅमलवर लॅकर मारलं की सुरकुत्या येतात. अर्धवट वाळलेल्या जाड थरावर पुन्हा ओला थर मारला तरी येतात. अॅक्रिलिकवर लॅकर ओलं मारलं तरी तेच. क्रम पाठ करून ठेवा: खाली लॅकर, वर अॅक्रिलिक किंवा एनॅमल, उलट कधीच नाही.

याला झटपट उपाय नाही. घड्याळात बारा तासांहून जास्त उरले असतील तर बॉडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा. बहुतेक लॅकर काही तासांत सुटतं, जुन्या टूथब्रशने निघतं आणि पॉलिस्टायरीनला काही होत नाही. डबा झाकून, ज्योतीपासून लांब. नंतर एक प्रायमर, तीन पातळ रंगाचे थर, क्लिअर नाही. बारापेक्षा कमी उरले असतील तर बॉडी तशीच वाळू द्या, ठळक सुरकुत्या १००० ने सपाट करा आणि तेवढ्या पॅनलवर दोन हलके थर मारा. जवळून कळेल, हातभर अंतरावरून नाही.

चॅसिसचे तडे हे वेगळं प्रकरण. पॅनल लाईनचा एनॅमल वॉश (रेषांत उतरणारा खूप पातळ रंग) उघड्या प्लास्टिकवर, दाबून बसवलेल्या किंवा स्क्रूने आवळलेल्या जागी गेला की पॉलिस्टायरीन ताणाखाली चिरतं. रात्री ठीक असलेला एक्सलचा खांब सकाळी तुटलेला सापडतो. वॉश रंगवलेल्या भागावरच द्या, जादा टिपून घ्या, आणि ताण येणाऱ्या सांध्याला वॉश देऊच नका. बॉडीच्या रेषांसाठी वॉश निर्धास्त वापरा, खाली लॅकर असतं. फिक्या गाडीला राखाडी, गडद गाडीला काळा. पांढऱ्या गाडीच्या दारात काळी रेष ओढली की ती खेळण्यातली वाटते.

डिकल

खरखरीत पृष्ठभागावर लावलेल्या डिकलखाली हवा अडकते आणि ती चंदेरी दिसते, म्हणून डिकल चमकदार थरावरच लावा. ४० अंशांचं पाणी, बुडवणं दहा-पंधरा सेकंद, मग ओल्या कागदावर सुटेपर्यंत थांबा. वळणावर डिकल सॉफ्टनर, आणि तो लावल्यावर हात लावायचा नाही: सुरकुतते, नंतर स्वतःच ताणून बसते. चंदेरी राहिलीच तर सुईने चार टोचे मारून वरून पुन्हा सॉफ्टनर द्या.

टीएस-१३ क्लिअर डिकलवर ओलं मारलं तर डिकल आक्रसते, चिरते, कधी रंग पसरतो. पहिले दोन थर लांबून, नुसती धूळ बसावी इतके कोरडे, मध्ये पंधरा मिनिटं, आणि मगच ओला थर. डिकल तीन तास सुकवून घ्या, कारण खालचं पाणी कोंडलं तर क्लिअरला फोड येतात. वेळ सरला असेल तर क्लिअर सोडून द्या आणि डिकलच्या कडा ओल्या कापडाने पुसून डिंकाचे डाग काढा.

काच धुरकटते

सुपरग्लूची वाफ काचेवर बसून तिथेच घट्ट होते, तो पांढरा धूर. सुपरग्लू काचेला लावलेलाच नसतो, म्हणून कारण लक्षात येत नाही. आरसा किंवा वायपर सुपरग्लूने चिकटवला, लगेच बॉडी चॅसिसवर बंद केली, आणि आत कोंडलेली वाफ काचेच्या आतल्या बाजूला बसली. आता ती पुसायला बोटही जात नाही. सुपरग्लूचं सगळं काम काचा बसवण्याआधी उरका. नंतर करावंच लागलं तर बॉडी उघडी ठेवून छोटा पंखा लावा.

काचेला पारदर्शक सुकणारा पांढरा पीव्हीए ग्लू किंवा कॅनपीसाठीचा (मॉडेल विमानाच्या काचेसाठीचा) खास ग्लू. पकडायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर टेपचे तुकडे लावून ठेवा. पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा ग्लू) काचेजवळ नेऊ नका, ते फटीतून ओढलं जाऊन काचेच्या मध्यापर्यंत पसरतं. काच धुरकटलीच आणि बाहेर काढता येत असेल तर ३००० पेपर, कंपाऊंड, आणि मग एक्स-२२ क्लिअरचा पातळ थर. निघत नसेल तर पुढची काच सोडून बाकीच्या काळसर करून टाका: एक्स-१९ स्मोकचा हलका फवारा आतून. आत हात जात नसेल तर काळी फिल्म कापून बाहेरून लावा. यात लबाडी काही नाही, खऱ्या गाड्यांच्या काचाही काळसर असतात.

क्रोमचे भाग निसटतात

क्रोमखाली लॅकरचा थर असतो, वर अॅल्युमिनियमचा. सिमेंट त्यातून प्लास्टिकपर्यंत पोचत नाही. चिकटवण्याची जागा ब्लेडने खरवडून प्लास्टिक उघडं करा, मग सिमेंट. हेडलाइटच्या वाटीला पीव्हीए पुरतो. स्प्रूपासून तोडलेल्या जागी क्रोम मार्करचा ठिपका द्या, पण त्याला कित्येक तास हात लावू नका. म्हणून तो सुरुवातीच्या तासांतच लावून भाग स्प्रूच्या तुकड्यावर टोचून बाजूला ठेवा. मागच्या दिव्यांना आतून चंदेरी, वरून एक्स-२७ क्लिअर रेड, इंडिकेटरला एक्स-२६ क्लिअर ऑरेंज.

बॉडी चॅसिसवर बसत नाही

जबरदस्तीने दाबणं हा इथला सगळ्यात महागडा उद्योग. मॉडेल मोडतं ते बहुतेक इथेच.

तपासणी रंगाआधी व्हायला हवी. पहिल्या पाऊण तासात बॉडी, आतलं टब आणि चॅसिस टेपने जोडून पाहा. तेव्हा बसत असेल आणि आता बसत नसेल, तर मधल्या काळात काहीतरी जाड किंवा उंच झालंय. टब चॅसिसवर पूर्ण बसलाय का पाहा, खाली सिमेंटचा घट्ट गोळा असतो. डॅशबोर्डची टोकं खांबांना अडतात का? काचेच्या कडेला ग्लू साचलाय का? दाराच्या आतल्या पॅनलचा माथा काचेच्या खालच्या कडेला टेकतोय का? जोडाच्या खोबणीत आणि जिभेवर किती रंग साचलाय? यातलं शेवटचं कारण जास्त वेळा सापडतं. प्रायमर, रंग आणि क्लिअर दोन्ही बाजूंनी जमले की घट्ट जोड अडतो. रंग मारतानाच त्या जिभा आणि खोबणी टेपने झाका. राहून गेलं असेल तर ब्लेडने खरवडून काढा.

नेमकं कुठे अडतंय हे डोळ्यांनी कळत नाही. संशयित कडेवर मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट घासा, बॉडी हलकेच टेकवा आणि उचला. समोरच्या भागावर काळा डाग जिथे उमटला तिथेच फाइल चालवा, बाकी कुठे नाही.

बसवताना दाराखालच्या पट्ट्यांच्या आत टेपचा एकेक पट्टा लावा म्हणजे रंग घासला जात नाही. पट्ट्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर फाकवा, बहुतेक किटमध्ये आधी पुढचा भाग घालून मग मागचा खाली आणा. काही गाड्यांत उलट असतं, ते कोरड्या तपासणीत कळतं. बॉडी गार असताना करू नका, पॉलिस्टायरीन ठिसूळ असतं. कोमट खोलीत ते जास्त वाकतं.

एक चाक हवेत

सस्पेन्शनचे चारही कोपरे चिकटवल्यावर लगेच चाकं घालून चॅसिस काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि वर शंभरेक ग्रॅम वजन ठेवून तासभर सोडा. पातळ सिमेंट तेवढ्या वेळात पुरेसं धरतं. हे पाचव्या-सहाव्या तासाला करायचं काम आहे, बॉडी वाळत असतानाचं. बाविसाव्या तासाला लक्षात आलं तर हवेतल्या चाकाच्या सस्पेन्शन दांड्याच्या मुळाशी पातळ सिमेंटचा एक थेंब सोडा, दोन मिनिटांनी सांधा मऊ होईल, मग काचेवर दाबून धरा. धातूचा एक्सल असेल तर हा उपाय नाही, तिथे भोक थोडं मोठं करून एक्सल खाली आणावा लागतो. फरक अर्धा मिलिमीटरच असेल तर बाकीच्या टायरांचे तळ पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, वजनाने दबल्यासारखे छान दिसतात.

पॉलिकॅपमध्ये (चाक अडकवायच्या मऊ प्लास्टिकच्या टोपीत) जाणाऱ्या दांड्यावर रंग असू नये, नाहीतर चाक आत जात नाही आणि जोर लावला की रिमचा आरा तुटतो.

वेळ सरत आली तर काय सोडायचं

सीटबेल्ट, इंजिनच्या वायरी, चॅसिसच्या पोटाचा तपशील, आतल्या दाराचे दुसरे रंग: हे सगळं सोडा, बॉडी बंद झाल्यावर दिसत नाही. खिडक्यांच्या काळ्या पट्ट्या, चाकांची बसण, हेडलाइट आणि नंबर प्लेट सोडू नका, नजर तिथेच जाते. बॉनेट उघडणारं किट असेल आणि इंजिन अर्धवट असेल तर बॉनेट पीव्हीएने बंद करून टाका. नंतर इंजिन पूर्ण करायचं असेल तर कोमट पाण्याने तो ग्लू मऊ करून बॉनेट पुन्हा उघडता येतं.

झोप नसलेल्या हातांनी लॅकर मारताना ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क काढून ठेवायची सवय लागते. तो काढू नका. धुळीचा साधा मास्क सॉल्व्हंट अडवत नाही.

आरसे, वायपर आणि अँटेना सगळ्यात शेवटी, बॉडी बसल्यावर, पीव्हीएने. आधी लावले तर बॉडी दाबताना तेच तुटतात. मग तुटलेला दांडा सुपरग्लूने जोडावा लागतो आणि काच पुन्हा धुरकटते.